खाली न उतरणारा लाल कागद

अक्रोडाच्या हिरव्या सालीचा डाग साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, माझ्या आईच्या ओरडण्यानेही जात नाही. कातडी बदलते तेव्हा जातो.

*

निळा स्वेटर. आजीने विणलेला. सोमवारी सकाळी त्याची उजवी बाही मनगटापर्यंत पुरत होती. दुपारी पुरेना.

*

"तहमीनेजान, गुलाबी नको हं. शरद म्हणजे लाल, केशरी, पिवळा." फोनवरचा आवाजी निरोप. मागे कुणीतरी बश्या विसळतंय.

*

कागदाच्या पुडक्यावर छापलेलं : ओलाव्यापासून दूर ठेवा.

*

परीनाजकडे चित्रकलेचं सर्टिफिकेट आहे.

*

झाडावरून उतरताना माणूस आधी काठी खाली टाकतो, मग स्वतः येतो.

*

हे सगळं एकाच आठवड्यातलं आहे. आता सरळ सांगते.

मी तेव्हा इराणमधल्या तुयसरकान गावातल्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या मुलांचा सकाळचा गट सांभाळत होते. मुलं मला तहमीने मावशी म्हणतात. आमच्या मुख्याध्यापिका मोतमदीबाई, काम हवं असेल तर तहमीनेजान म्हणतात आणि झालं असेल तर नुसतं तहमीने. त्या आठवड्यात मी सारखी तहमीनेजान होते. बुधवारी आईबापांसाठी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं, आणि बाईंनी मला चहा पाजून, दोनदा साखरेची वाटी पुढे करून सांगितलं होतं, "प्रदर्शन नीट झालं की सकाळचा गट कायमचा तुझा. नाहीतर मग, तुला माहीतच आहे, परीनाज रिकामी बसलीय घरी."

परीनाज म्हणजे बाईंची भाची. सर्टिफिकेटवाली.

या गटासाठी मी तीन वर्षं तान्ह्यांच्या खोलीत लंगोट बदलले होते. तो मला हवा होता. यात लपवण्यासारखं काही नाही.

प्रदर्शनाचा विषय 'शरदातलं झाड'. बाईंनी फोनवर नमुना दाखवला. गोल गरगरीत झाड, जणू सलूनमधून आत्ताच बाहेर पडलंय, लालकेशरी पानांनी गच्च. "अशी सगळी झाडं हवीत. भिंतीवर एका ओळीत. बघणाऱ्याला शाळा दिसली पाहिजे."

"बाई, आपल्याकडे असं झाड कुठे आहे?"

"भिंतीवर असेल ना आता," बाई म्हणाल्या.

करायची रीत सोपी. जाड पांढऱ्या कागदावर खोड काढायचं. पाण्यात रंग सोडणाऱ्या पातळ कागदाचे कपटे फाडायचे, फांद्यांवर मांडायचे, वरून ओला ब्रश हलकेच टेकवायचा. रंग खालच्या कागदात झिरपतो. मग कपटे उचलून टाकायचे. कागद जातो, रंग राहतो. मी घरी एक करून पाहिलं होतं. सुरेख झालं. पण मी सत्तावीस वर्षांची आहे आणि माझ्या शेजारी बसून कुणी माझं झाड चाटत नव्हतं.

सोमवारी मुलं आली. सगळ्यांचे हात काळे. मेहर महिन्यात, शरद लागतो तेव्हा, आमच्या गावात गोऱ्या हाताचा माणूस दिसला तर तो बाहेरगावचा समजायचा. बागांमध्ये झोडणी चालू असते, माणसं झाडावर चढून लांब काठीने अक्रोड पाडतात, सगळं घर अक्रोड सोलायला बसतं, आणि पोरं आईच्या मांडीवरूनच हात काळे करून उठतात.

पहिली अडचण खोडाची. बाईंनी तपकिरी कागद पाठवलाच नव्हता. मी म्हटलं, खोड पेन्सिलीने काढू. हुस्ना म्हणाली, "मावशी, माझ्याकडे खोड आहे." हुस्ना आमच्या गटाची मुकादम. तिने दप्तरातून अक्रोडाची ओली साल काढून टेबलावर ठेवली. एक नाही, मूठभर. मी नको म्हणेपर्यंत तिने ती सगळ्यांना वाटलीसुद्धा, आणि सगळ्यांची खोडं तयार झाली. काळी, भक्कम, खरं सांगायचं तर माझ्या घरच्या झाडापेक्षा चांगली. त्याबरोबर कागदभर काळी बोटंही उमटली.

ठीक आहे, म्हटलं. पुढे चला.

"आता पानं मांडा. हलकेच. फुलपाखरू बसतं तसं."

मांडली. पंधरावीस मिनिटं खोलीत इतकी शांतता होती की मी स्वतःसाठी चहा ओतला.

"आता ब्रश पाण्यात बुडवा आणि पानांवर..."

वाक्य संपायच्या आत हुस्ना खुर्चीवर उभी राहिली, ब्रश दोन्ही हातांत धरला, आणि तिच्या आजोबांच्या आवाजात ओरडली, "खालून बाजूला व्हा. झोडतोय."

सगळ्या गटाने झोडलं.

ब्रशांनी. दोन्ही हातांनी. वरपासून खालपर्यंत, फांदी चुकू न देता, जसं रोज बागेत बघतात तसं. पाणी उडालं. कपटे फांद्यांवरून खाली आले, कुणाचे कागदाच्या तळाशी, कुणाचे टेबलावर, एक माझ्या चहात. लाल, केशरी, पिवळा सगळे मिळून झाडाच्या बुंध्याशी एक रबडी झाली. चहा पिवळा झाला. माझ्या डोक्यावरचा करडा स्कार्फ केशरी झाला.

"अरे थांबा. पानं वर राहायला हवीत."

"का?" हुस्नाने विचारलं.

"कारण शरदातलं झाड आहे ते."

"हो, म्हणूनच तर," ती म्हणाली, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हिलाच सर्टिफिकेट द्यावं. "आता उचला रे. पोत्यात भरा."

ते खाली बसून कपटे गोळा करायला लागले.

मी कपाळाला हात लावला आणि कपाळही केशरी झालं.

या गोंधळात फक्त एकच जण झोडत नव्हता. त्याचं नाव यावर. अक्रोड झोडणाऱ्या नस्रुल्लाचा मुलगा, निळ्या स्वेटरातला, बोलायला कमी आणि हट्टाला गाढव. त्याने झाड आधीच झोडून मोकळं केलं होतं. सगळी पानं खाली. फक्त एक लाल कपटा सगळ्यात वरच्या फांदीवर होता, आणि यावर तो बोटाने दाबून बसला होता.

मला वाटलं, चला, एकाच्या तरी झाडावर पान आहे. मी त्याच्याजवळ गेले. "छान. आता तो कागद उचल, बघ खाली कसा रंग आलाय."

"नाही."

"उचलायचा असतो, राजा. कागद जातो, रंग राहतो."

"हे पान नाहीये. बाबा आहे."

"बरं, बाबांना उचल."

"तो स्वतः उतरेल."

मी दुसरीकडे वळले, कारण दुसरीकडे कुणीतरी ब्रशाचं पाणी पीत होतं. त्याला थांबवून परत आले तर यावर हात पुढे करून उभा. "दोरी द्या."

"कशाला?"

"बाबाला बांधायला."

"या कामात दोरी नाही. कागद, पाणी, ब्रश. झालं."

"दोरी हवी."

"यावर, मला अजून सगळ्यांचे हात धुवायचेत."

तो हात धुवायला गेला तेव्हा मी तो लाल कपटा नखाने उचलला आणि टोपलीत टाकला. खाली छान लाल ठिपका उमटला होता. अगदी नमुन्यातल्यासारखा. मला एवढं बरं वाटलं, दिवसभरात पहिल्यांदा.

तो परत आला. कागदाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही. टोपलीत हात घातला, सगळा चिखल उपसला, आपला कपटा शोधून काढला, दुसरा एक दिसला तो नको म्हणून परत टाकला, आणि आपला पुन्हा वर चिकटवला. मग स्वेटरची बाही दातात धरून ओढली. टाका उसवला. तो लोकर ओढत राहिला, ओढत राहिला, हातभर झाली तेव्हा तोडली. लाल कपट्याला एक भोक, त्यातून लोकर, लोकरीचं दुसरं टोक खोडाभोवती. गाठ मारता येत नव्हती म्हणून भरपूर डिंक. माझी डिंकाची अख्खी बाटली.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला. चेष्टा त्याला कळत नाही.

दुपारी मोतमदीबाई आल्या. कागद वाळत घातले होते. त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या, हात पाठीमागे बांधून.

"तहमीनेजान, पानं कुठे आहेत?"

"खाली आहेत, बाई."

"आणि ही काळी बोटं?"

"अक्रोड."

"हं." त्या यावरच्या कागदापाशी थांबल्या. "हे काय लोंबतंय?"

"नस्रुल्ला."

बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांनी फार मेहनत घेतलीय. आता असं कर, तुला त्रास नसेल तर, सवड असेल तर, घरी नेऊन जरा हात फिरव. म्हणजे नवीनच कर. नमुन्यासारखी. खाली नावं मात्र मुलांचीच घाल. ही टाकून दे."

आमच्याकडे समोरचा तीनदा 'नाही' म्हणेपर्यंत कुणी ते खरं धरत नाही, आणि मोठ्या माणसाला एकदाही म्हणता येत नाही. 'हो' मात्र एकदाच निसटलं की गळ्यात पडतं. माझ्या मनात आलं, बाई, मला त्रास आहे, सवड नाही, आणि ही मुलांची झाडं आहेत. तोंडातून आलं, "हो बाई. तुमचा शब्द डोळ्यांवर."

"देव तुला सुखी ठेवो, तहमीने," बाई म्हणाल्या. म्हणजे काम झालं.

आई अंगणात अक्रोड सोलत बसली होती. मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि मुलांच्या चित्रांची पिशवी तिच्यासमोर आपटली.

"हे काय?"

"माझ्या मुलांची झाडं. मी काढणार आहे."

"आणि मुलं काय करणार आहेत?"

"वाढणार आहेत."

"तू हो म्हणालीस ना?"

"आई."

"डोळ्यांवर पण म्हणालीस?"

आईने एक अक्रोड फोडला, गर माझ्या तोंडात घातला, म्हणजे मला बोलता येऊ नये. "तुझ्या डोळ्यांवर इतक्या जणांचे शब्द बसलेत, तुला दिसतं कसं देव जाणे."

यावरच्या आईला फोन करायचा राहिला होता. स्वेटर उसवल्याचं आपणच आधी सांगितलेलं बरं, नाहीतर आजी येते. मी फोन लावला.

"तहमीनेखानुम, तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

"यावरने आज बाहीची लोकर ओढली. मी लक्ष ठेवायला हवं होतं."

"छे हो. पोरगं वात्रट आहे. तुम्हाला किती त्रास देतं. आम्हीच माफी मागायची."

"नाही नाही, सोन्यासारखा आहे." हे मी म्हटलं. डिंकाची बाटली संपवणाऱ्या मुलाबद्दल.

"तुमची माया."

"घरी सगळे बरे ना?"

"बरे आहेत, देवाची कृपा. तुमच्या आईची कंबर?"

"बरी आहे, देवाची कृपा."

"त्यांना माझा सलाम सांगा."

तिच्या मागे पुष्कळ माणसं एकदम बोलत होती. पाहुणे असतील, तिला चहा टाकायचा असेल, म्हणून मी लवकर ठेवला.

मंगळवारची सगळी दुपार आणि संध्याकाळ झाडं केली. आई खोडं काढायची, मी पानं मांडायची, ओला ब्रश टेकवायची, वाळलं की कपटे उचलायची. फुलपाखरू बसतं तसं. पहिली दोन चांगली वाटली. पाचव्याला हात दुखला. दहाव्याला मला शरद ऋतूचाच राग आला. सगळी सारखी, गोल, गच्च, चकाकणारी, आणि एकावरही कुणी चढलं असेल असं वाटत नव्हतं. जुन्या चित्रांच्या मागची नावं बघून नव्यांवर घालत गेले. यावरच्या कागदावरचा डिंक अजून ओला होता. आईने तो उचलून उजेडात धरला.

"हा कोण वर?"

"बाप."

"बांधलंय ते बरं केलं," आई म्हणाली, आणि पुढच्या खोडाला लागली.

पिशवी टाकायची म्हणून सकाळी बरोबर नेली, आणि शाळेत शिरताच बाईंनी फुगे हातात दिले, तेव्हा ती कोटांच्या खुंट्यांमागे राहिली.

बुधवारी झाडं ओळीत लागली. शाळा दिसली. आया आल्या, नटून, काळे हात डोक्यावरून घेतलेल्या चादरीत लपवून. त्या भिंतीसमोर उभ्या राहून आ वासत होत्या. "पाच वर्षांच्या मुलांनी? तहमीनेखानुम, तुमचे हात दुखू नयेत." माझे दुखतच होते. मोतमदीबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "आम्ही मुलांना मोकळं सोडतो." परीनाजही आली होती. कोपऱ्यात बिस्किटांचं ताट धरून उभी होती आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "छान आहेत. एकाच हाताची वाटतात." मी म्हटलं, "एकच शाळा आहे ना."

नस्रुल्ला शेवटी आला. कपडेसुद्धा बदलले नव्हते. डोळे लाल. झोडणीच्या दिवसांत कुणाची झोप होत नाही.

"थकला असाल," मी म्हटलं. "कशी चाललीय झोडणी?"

"चाललीय, देवाची कृपा. वा, काय सुंदर झाडं. यावरचं कुठलं?"

मी दाखवलं. नाव होतंच खाली.

यावर भिंतीजवळ गेला, नाक लावून वरच्या फांद्या बघितल्या, मग एकेक करून बाजूच्या झाडांच्याही बघितल्या.

"हे माझं नाही."

"तुझंच आहे, राजा. बघ, नाव आहे."

"यात बाबा नाही."

"अरे मी इथे आहे की," नस्रुल्ला म्हणाला.

"वर नाहीयेस."

"नाही. खाली आहे."

"उतरलास?"

"उतरलो."

"स्वतः?"

नस्रुल्ला त्याच्यासमोर उकिडवा बसला. "स्वतः. आधी काठी टाकली, मग मी आलो."

"मग माझं झाड दाखव," यावर मला म्हणाला, आणि रडायला लागला. सोमवारी न रडलेलं सगळं त्याने तेव्हा रडून घेतलं. ते ऐकून हुस्ना पुढे आली. "माझंही नाहीये हे. माझं मी झोडलं होतं." मग सगळ्यांना आपापलं झाड आठवलं. "माझ्यावर माझं बोट होतं." "माझं खालून लाल होतं." "हे मावशीचं आहे, माझं नाही." हे शेवटचं कोण म्हणालं मला माहीत आहे, पण सांगत नाही. लहान आहे.

मोतमदीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. "तहमीनेजान, मुलं दमलीत. विसरतात ना मुलं, काय केलं ते?"

माझ्याकडे एक वाक्य आलं होतं, आयतं, ताटात वाढून. मी ते घेतलं. "हो," मी म्हटलं, "विसरतात. लहान आहेत."

आणि नस्रुल्लाने मान डोलावली. त्या माणसाने माझ्या केशरी कपाळाकडे बघितलं, जे अजून गेलं नव्हतं, भिंतीकडे बघितलं, सगळं त्याला कळलं, आणि तो रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून मला म्हणाला, "आमचंच चुकतंय, खानुम. हा खोटं बोलतो कधीकधी. माफ करा."

मला काय काय सहन होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. हे झालं नाही. पोटच्या पोराला खोटं ठरवून तो माझी अब्रू झाकत होता, आणि तेही इतक्या सहज, चहा पुढे करावा तसं.

मी खुंट्यांमागून पिशवी आणली आणि बिस्किटांच्या ताटाशेजारी रिकामी केली. कागद एकमेकांना चिकटले होते. एकेक सोलत, मागचं नाव वाचत मी वाटायला सुरुवात केली. उघडी झाडं. काळी खोडं, काळी बोटं, बुंध्याशी रबडी. मुलं आपापलं घेऊन उड्या मारत होती. काही आया हसल्या, काही माझ्याकडे बघेनाशा झाल्या. हुस्नाची आई हळूच म्हणाली, "दोन्ही नेऊ का? एक बैठकीत लावते."

"कुठलं?"

"तुमचं," ती म्हणाली.

यावरचा कागद सगळ्यात तळाशी निघाला. लोकर टिकली होती. नस्रुल्लाने तो दोन्ही काळ्या हातांत धरला आणि बराच वेळ वरच्या फांदीकडे बघत राहिला.

"दोरी कुणी बांधली?"

"मी," यावर म्हणाला. "मावशीने दिली नाही. मी माझी आणली."

घडी न घालता नस्रुल्लाने तो कागद शर्टाच्या आत छातीशी सरकवला, ओला डिंक आणि सगळ्यासकट, आणि माझा निरोप घेतला. तुमच्या आईला सलाम सांगा, म्हणाला.

सगळे गेल्यावर मोतमदीबाईंनी मला चहा दिला नाही.

"तहमीने, शनिवारपासून सकाळचा गट परीनाज घेईल. तू तान्ह्यांच्या खोलीत ये. तुला त्रास नसेल तर."

"त्रास आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता.

"काय म्हणालीस?"

"त्रास आहे, बाई. पुष्कळ आहे. पण येते."

शनिवारी परीनाजने पहिल्याच तासाला मुलांना चिकटवायला पानं दिली. दाराला कान लावायची गरज पडली नाही. हुस्नाचा आवाज तान्ह्यांच्या खोलीपर्यंत येतो. खालून बाजूला व्हा, झोडतोय. मग परीनाजची किंकाळी. मी हातातलं बाळ उलटं केलं आणि लंगोटाची गाठ सोडली.

मला नंतर कळलं, नस्रुल्लाचा धाकटा भाऊ रविवारी, चित्रांच्या आदल्या दिवशी, यावरच्या डोळ्यांदेखत अक्रोडाच्या झाडावरून पडला होता; त्याच्या कमरेला दोर नव्हता.